नऊ अंडी आणि सुरक्षित अंतर

आमच्या शाळेपासून मुलांच्या हायस्कुलापर्यंतचं अंतर एक मैल सात फर्लांग आहे. ते मी स्वतः मोजलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल वाद नको. हे अंतर मी पायी अडतीस मिनिटांत जाते. आमचा शिपाई निवृत्ती सायकलवरून, वाटेत दोन ठिकाणी चहा पिऊन, चाळीस मिनिटांत जातो. मोटारीने मला तीन तास पाच मिनिटं लागली, आणि पोचले तेव्हा माझ्यामागे कापसाच्या सतरा बैलगाड्या होत्या. त्या दिवशी बसलेला धक्का अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून जे घडलं ते लिहून काढते आहे. लिहिल्याने ताप उतरत नाही हे मला ठाऊक आहे, पण किती अंश आहे ते तरी कळतं.

सुरुवात अंड्यांपासून करायला हवी.

मी खामगावच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. आठवीतली कोकिळा ही पिंपळगाव राजाची मुलगी, आमच्या वसतिगृहात राहते. तिला एकदा मी पुस्तकात अंडी उबवण्याच्या यंत्राचं चित्र दाखवलं. चूक इथेच झाली. दिवाळीच्या सुट्टीसाठी तिला न्यायला तिचे वडील कारभारी आले, तेव्हा तिने ते चित्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला म्हणाले,

"कोंबडी नाही, आन् पिल्लू निंघते? बाई, तुमी शिकेल हा, म्हनून आमाले काही बी सांगान का?"

मी म्हटलं, उष्णता आणि ओलावा योग्य असेल तर कोंबडी लागत नाही.

"मंग बाप बी लागत नसन," ते म्हणाले. बाहेर निवृत्ती खो खो हसला.

कोकिळाला नववीत शास्त्र घ्यायचं होतं. कारभारींचं म्हणणं, आठवी झाली म्हणजे पुष्कळ झालं, आता घरी चलावं. हा वाद बापलेकीत जूनपासून चालू होता. त्या दिवशी त्यांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावला.

"डब्यातून पिल्लू काढून दाखव. माह्या डोयानं पाहीन. निंघालं तं नववीत शास्त्र घे, नाही निंघालं तं घरी. मंजूर?"

मी काही बोलायच्या आत कोकिळा म्हणाली, "मंजूर."

मला धक्का बसला. चांगल्या यंत्रात शंभरांतली साठसत्तर अंडी फुटतात असं पुस्तकात दिलेलं आहे. रॉकेलच्या डब्याबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीचं पुढचं सगळं शिक्षण ज्याची आकडेवारी उपलब्ध नाही अशा एका डब्यावर ठेवलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

डबा मात्र तिने सुंदर केला. रॉकेलच्या मोठ्या डब्यात तुपाचा लहान डबा, मध्ये लाकडाचा भुसा, खाली रॉकेलची पेटती चिमणी, आत ओल्या फडक्याची वाटी आणि प्रयोगशाळेतला तापमापक. पारा एकशे दोन अंश फॅरेनहाइटवर ठेवायचा. अंडी नऊ. प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला शून्य. दिवसातून तीनदा उलटायची. शाळेत अंडी आली म्हणून पालकांपैकी काहींनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. मोठ्या बाईंनी तोडगा असा काढला की साठ्याच्या वहीत अंडी हा शब्द लिहायचा नाही. त्यांनी 'प्रायोगिक वस्तू, गोल, नग नऊ' अशी नोंद केली. ती चूक होती. मी 'गोल' खोडून 'अंडाकृती' असं लिहिलं. त्यावरून मोठ्या बाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन जानेवारीत मुलांच्या हायस्कुलात होतं. प्रदर्शनाच्या तारखेपासून मी एकवीस दिवस मागे मोजले आणि त्या दिवशी अंडी ठेवली. हिशेब बिनचूक होता. त्याच दिवशी आठवडी बाजार आहे आणि कापसाचा हंगाम ऐन भरात आहे, एवढं फक्त त्यात धरलेलं नव्हतं. कारभारींना हे ठाऊक होतं. त्यांनी निरोप पाठवला, "मी त्या दिवशी कापूस घेऊन येतोच हाये. गाडी इकली का बारा वाजता येतो तुमचं पिल्लू पाह्याले."

आता डबा न्यायचा कसा? माझ्या घरमालकीण अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, डोक्यावर न्या, पेटती शेगडी नेतात तशी. त्यांचे यजमान म्हणाले, टांग्यातून न्या, मात्र घोडा म्हातारा बघा. समोरच्या वकिलांनी सल्ला दिला की अंडी नेऊच नयेत, परीक्षकांनाच इकडे बोलवावं आणि न आल्यास लेखी कळवावं. अन्नपूर्णाबाईंनी शेवटी मला बाजूला घेतलं. "काही करा, पण जी फुटतील ती माझ्या माडीवर आणू नका. आमच्याकडे सोवळं असतं."

मी दोन प्रयोग केले. टांग्यात चिमणी सव्वा मिनिटात विझली. हातगाडीवर ती विझली नाही, पण तापमापक फुटला आणि दुसरा आणावा लागला. वारा न लागणारं, बंद, शक्यतो रबरी चाकांचं वाहन हवं, असा निष्कर्ष निघाला. तसं वाहन गावात एकच होतं: उत्तमरावांची व्हॅन.

उत्तमरावांची तंबूतली टॉकीज आहे. व्हॅन जाहिरातीची. तिच्या दोन्ही बाजूंना सहा फूट उंचीची चित्रं होती: डावीकडे रक्ताळलेला विळा घेतलेला एक मिशीवाला, आणि उजवीकडे त्याला पाहून किंचाळणारी एक बाई. टपावर भोंगा. उत्तमराव व्हॅन एका दिवसाच्या भाड्याने द्यायला एका पायावर तयार होते.

"पन ड्रायव्हर कोठून आनू, बाई? माह्यावाला गेला गठानीच्या ट्रकवर. या हंगामात लायसनवाला मानूस सोन्याच्या भावानं भेटत नाही."

मी वास्तविक तिथून उठायला हवं होतं. पण खरं विचारलं की खरं सांगायचं ही सवय वाईट. मी म्हटलं, "परवाना माझ्याकडे आहे."

परवाना होता हे खरंच. नागपूरला बी.एस्सी. करताना मामांच्या मोटारीवर शिकून मी तो पंचावन्न साली काढला होता. सिव्हिल लाइन्समध्ये तेव्हाची रहदारी म्हणजे दोन सायकली आणि एका न्यायाधीशांचा कुत्रा. परवान्याचं नूतनीकरण करायला मी कचेरीत गेले, तर कारकुनांनी तो चष्मा वर करून, मग खाली करून वाचला.

"हा तर मध्यप्रदेशचा आहे."

"हो. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशात होतं."

"म्हणजे तुम्ही परराज्यातून आलात. केव्हा आलात?"

"मी कुठेच गेले-आले नाही. राज्यच बदललं. दोनदा."

"ते ठीक. पण राज्य सोडल्याचा दाखला?"

"कोणी सोडल्याचा?"

त्यांनी यावर विचार केला. राज्याने मला सोडल्याचा दाखला राज्याकडूनच आणावा, असं त्यांचं मत पडलं. चौथ्या खेपेला त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं की मी सन एकोणीसशे पंचावन्नपासून आजतागायत एकाच जागी असून दोन वेळा स्थलांतरित झालेली आहे. त्यावर मी सही केली. शास्त्र शिकवणाऱ्या बाईने केली आहे म्हणून सांगते, असलं विधान मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला उत्तमरावांनी गाडी माझ्या ताब्यात दिली. सूचना मोजक्याच होत्या. चित्राला खरचटू द्यायचं नाही. ब्रेक दोनदा दाबायचा, पहिला दाब फुकट जातो. आणि हॉर्न नाही.

"हॉर्न नाही म्हणजे?"

"भोंगा हाये ना टपावर. हॉर्न कायले पायजे?"

जिचा आवाज तीन गावांत जातो, त्या गाडीला समोरच्या माणसाला बाजूला हो म्हणता येत नव्हतं.

निवृत्तीने डब्याखाली सरकीची दोन पोती टाकली होती. कापसाचं बी ते, दाणेदार, हादरे उत्तम शोषतं. मी त्याला शाबासकी दिली. चिमणीला हवा लागते म्हणून मागच्या दाराची वरची झडप मीच उघडी ठेवायला सांगितली. हे दोन्ही निर्णय तेव्हा शास्त्रीय होते.

निवृत्ती माझ्या शेजारी बसला, कोकिळा मागे डब्यापाशी. पारा एकशे दोन. सातव्या क्रमांकाच्या अंड्यातून टकटक ऐकू येत होतं. आम्ही निघालो.

पहिले चार फर्लांग उत्तम गेले. मग बाजाराचा रस्ता लागला.

परवान्याबरोबर मला एक छोटं पुस्तक मिळालं होतं. त्यात सुरक्षित वाहन चालवण्याचा मुख्य नियम असा दिला आहे: पुढच्या वाहनापासून वेगाच्या प्रमाणात अंतर राखावं, आणि वेग कितीही कमी असला तरी ते एका गाडीच्या लांबीहून कमी असू नये. आमची व्हॅन चौदा फूट होती. पुढे कापसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी होती. मी चौदा फूट अंतर सोडलं.

त्या चौदा फुटांत डावीकडून एक बैलगाडी शिरली.

मी थांबले, आणि तिच्यामागे पुन्हा चौदा फूट सोडले. त्यांत एक हातगाडी, दोन सायकली आणि पितळी हंडा घेतलेलं एक अख्खं कुटुंब आलं. मी पुन्हा थांबले. मग एक रेडा आला. त्याच्याबरोबर कोणीही नव्हतं. तो स्वतःच्या कामाला निघालेला दिसत होता. मी हिशेब केला. मी सोडलेल्या प्रत्येक अंतरात सरासरी दीड वाहन शिरत होतं, आणि दर वेळी नव्याने अंतर सोडण्यासाठी मला गाडी थोडी मागे घ्यावी लागत होती. अर्ध्या तासात आम्ही शाळेच्या दिशेने चाळीस फूट परत आलो होतो.

"बाई," निवृत्ती म्हणाला, "जागा काऊन सोडून राह्यल्या तुमी?"

"सुरक्षित अंतर आहे ते."

"त्यायले वाटते का तुमी त्यायच्यासाठी सोडली. पाहुन्याले पाट मांडावा तसं झालं ना हे."

चौकात हवालदार होते. त्यांना पाहून मला इतका धीर आला की मी ब्रेक तीनदा दाबला. ते सावकाश खिडकीपाशी आले. रेड्याविषयी तक्रार करावी म्हणून मी तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "बाई, तुमच्यापायी रस्ता बंद झाला. अंतर कायले ठेवता?"

"नियम आहे."

"कोन्या गावचा?"

"पुस्तकातला."

"मंग पुस्तकात चालवा."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. त्यांनी परवाना मागितला. तो पाहून त्यांनी भुवया चढवल्या आणि शेजारच्या पानवाल्याला दाखवला. पानवाल्याने तो एका धोतरवाल्या गृहस्थांना दिला. "मध्यप्रदेश!" ते गृहस्थ गहिवरले. "तवा नागपूर राजधानी होती हो आपली." दुसऱ्याने विचारलं, होती तेव्हा तुला काय मिळालं? पाहता पाहता पंधरावीस माणसं जमली आणि विदर्भाने कुठे असायला हवं होतं यावर चर्चा पेटली. हवालदार स्वतः मुंबईच्या बाजूने होते. माझा परवाना या हातातून त्या हातात फिरत होता. तो परत मिळायला बावीस मिनिटं लागली, आणि त्याला चुना लागलेला होता.

तेवढ्यात मागून कोकिळाचा आवाज आला. "बाई, चिमणी विझली."

त्या तीनदा दाबलेल्या ब्रेकने ती विझली होती. काच तडकली होती आणि तेल सरकीत सांडलं होतं. तेल सांडलेल्या पोत्यांवर काडी ओढायची हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही, म्हणून मी पेटवू दिली नाही. पारा शंभरावर आला होता. सातव्या अंड्याला बारीक चीर गेली होती, म्हणजे आतलं पिल्लू कामाला लागलं होतं, आणि नेमक्या याच वेळी त्याला ऊब हवी होती. 

"आता पाहा," असं म्हणून निवृत्तीने माझ्या देखत उत्तमरावांचा माईक उचलला आणि खटका दाबला.

"सरका हो सरका! जाऊ द्या! गाडीत अंडे हायेत!"

आवाज सगळ्या बाजारावर पसरला. माझी अपेक्षा अशी होती की ऐकणारे सरकतील. पण ज्या गाडीवर रक्ताळलेला विळा आहे तिच्यातून सरका म्हटलं की खामगावची माणसं जवळ येतात. पोट्टे धावत आले. "शो कवा हाये?" "फुकट हाये का?" "बाई स्वतः चालवते!" शेवटचं वाक्य शोच्या जाहिरातीसारखंच म्हटलं गेलं. कुणी चित्रातल्या किंचाळणाऱ्या बाईकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणालं, "हुबेहूब!" पेरू विकणाऱ्या गोजरबाई हातगाडी सोडून आल्या आणि खिडकीतून आत डोकावल्या. "अंडे कसे देल्ले, बाई?"

"विकायचे नाहीत."

"मंग बोंबलता कायले?"

पारा अठ्ठ्याण्णव.

मी निश्चय केला की आता अंतर सोडायचं नाही. आयुष्यात प्रथमच मी पुढच्या बैलगाडीच्या इतक्या जवळ गाडी नेली की कापसाचं एक बोंड खिडकीतून माझ्या मांडीवर पडलं. आणि आश्चर्य असं की रांग हलायला लागली. आम्ही रांगेतले झालो होतो. मागे पाहिलं, तर आमच्या उघड्या झडपेत दोन बैलांची तोंडं होती. ती सरकीच्या पोत्याचा वास घेत होती.

"बाई," कोकिळा हळूच म्हणाली, "हे तं आमचे बैल. हा पाखऱ्या."

बैलांच्या मागे गाडी, गाडीत कापूस, आणि कापसावर, मुंडासं कपाळावर ओढून, घोरत पडलेले कारभारी. पिंपळगावच्या गाड्या रात्रीच जुंपतात. धनी निजतात, बैलांना पुढच्या गाडीमागून चालायचं एवढं माहीत असतं, ते बाजारात नेऊन उभे करतात. शेदीडशे वर्षांत यात कधी चूक झालेली नाही, असं मला पुढे सांगण्यात आलं.

"उठवू त्यांना?"

"नोका, बाई!" कोकिळा एकदम तिच्या घरच्या बोलीवर आली. "चिमनी विझलेली दिसन त्यायले. म्हनतीन, हारली तू." तिने दोन्ही तळहात अंड्यांवर पसरले होते आणि ओठ दातांत धरले होते. "पारा शहाण्णव, बाई."

पुढे उजवीकडे हायस्कुलाचा रस्ता फुटतो. पुस्तकाप्रमाणे मी उजवा हात खिडकीबाहेर काढून आडवा, तळवा समोर, असा धरला. खामगावात हा इशारा त्या दिवशी प्रथमच झाला असावा. कारण गोजरबाईंनी माझ्या तळव्यावर दोन पेरू ठेवले. "घ्या, बाई. उपाशी दिसून राह्यल्या." मी हात आत घेऊ शकत नव्हते, वळण चालू होतं. पेरू धरलेल्या हाताने मी उजवीकडे वळले. रस्ता मोकळा होता. मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली.

हायस्कुलाच्या फाटकातून आत शिरले, मांडवापाशी थांबले, इंजिन बंद केलं आणि घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. मग मला जाणवलं की इंजिन बंद करूनही आवाज थांबलेला नाही. घुंगरांचा आवाज होता. निवृत्ती मागे पाहत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

पाखऱ्या सरकीमागे आला होता. पाखऱ्यामागे दुसरी गाडी, दुसरीमागे तिसरी. पुढची गाडी वळली की वळायचं, ही शेदीडशे वर्षांची शिस्त. बाजाराची रांग मधोमध तोडून तिचं शेपूट मी प्रदर्शनाला घेऊन आले होते. सतरा गाड्यांनी मैदान भरलं. तोरणांच्या आंब्याच्या पानांना बैलांनी सुरुवात केली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेले शिक्षण खात्याचे साहेब, हार घातलेले, कात्री हातात घेऊन उभे होते. त्यांच्यापुढची फीत तिसऱ्या गाडीने कापली.

धनी एकेक करून जागे झाले.

"अबे, हा कोन्ता बाजार?"

"व्यापारी कोठी हायेत?"

एकाने साहेबांकडे बोट केलं. "हार घालून उभा हाये थो व्यापारीच असन. काय भाव देता, मालक?"

कारभारी उठून बसले. समोर व्हॅनच्या झडपेत त्यांची लेक डब्यावर वाकून रडत होती.

ते खाली उतरून आले. मी खोटं बोलणार नव्हते. म्हटलं, "चिमणी विझली. माझ्या चुकीने. पारा चौऱ्याण्णव आहे. तुम्ही जिंकलात."

त्यांनी डब्यात डोकावलं. सातव्या अंड्याला आता भोक पडलं होतं, आतून एक बारीक चोच दिसत होती, आणि ती हलत नव्हती. त्यांनी अंड्याला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"अवं, गारठलं ना ते!" ते कोकिळावर ओरडले. "रडून काय राह्यली? आन इकडे!"

त्यांनी मुंडासं सोडलं. रात्रभर डोक्यावर असलेलं ते कापड, त्याच्या मधल्या घडीत त्यांनी सातवं अंडं ठेवलं आणि ते पुन्हा डोक्यावर बांधलं. उरलेल्यांपैकी चार बंडीच्या आत पोटाशी, चार गाडीतल्या कापसात, आणि त्या कापसावर निवृत्तीला बसवलं, "दाबू नोको बे" असं सांगून. मग ते मैदानात मांडी घालून बसले. हलेनात. बोलताना ओठ तेवढे हलत होते.

मी दुसरी चिमणी मागवली, पोत्यांपासून वीस पावलांवर पेटवली, डबा तिच्यावर ठेवला. भोवती सोळा गाडीवान बसले. साहेबही हार काढून जवळ आले आणि उकिडवे बसले. मैदानात एवढी शांतता होती की बैल पानं चघळताना ऐकू येत होतं. पाच मिनिटं झाली. दहा. कारभारींच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला, पण त्यांनी तो पुसला नाही.

शेवटी कापसावर बसलेल्या निवृत्तीला राहवलं नाही. "कारभारी, कोंबडीबिगर निंघत नाही म्हनत होता तुमी. खरं निंघालं तुमचं. तुमीच बसले की!"

"चूप," कारभारी मान न हलवता म्हणाले. "हालून राह्यलं."

आणि मुंडाशातून आवाज आला. अगदी बारीक. चिव.

कोकिळाने घडी उघडली. ओलं, कुरूप, एका बाजूला कलंडलेलं पिल्लू, पाठीला टरफलाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीची फुली. कारभारी वर मान करू शकत नव्हते, म्हणून विचारत राहिले, "हाये का? जितं हाये का? सांग ना, पोरी!"

उरलेली आठ अंडी आम्ही तापलेल्या डब्यात परत ठेवली; दुपारपर्यंत त्यातली आणखी पाच फुटली. नवांपैकी सहा, म्हणजे सहासष्ट पूर्णांक दोन तृतीयांश टक्के. पुस्तकातला आकडा बरोबर होता.

साहेबांनी वहीत नोंद करताना एक शंका काढली. "पण हा प्रयोग शुद्ध म्हणता येईल का? पिल्लू यंत्राने काढलं, की या गृहस्थांनी?"

प्रश्न योग्य होता. कोकिळाने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी आता 'मी काढलं' एवढंच म्हणायचा अवकाश होता. पैज तिथेच त्यांच्या पदरात पडली असती.

"साहेब," कारभारी मुंडासं बांधत म्हणाले, "एकवीस दिवस डब्यानं सांभाळलं, आन् मी अर्धा घंटा. लेकरू कोनाचं म्हनता तुमी, मायचं का सुइनीचं?"

साहेबांनी वहीत 'यंत्र' असं लिहिलं.

यापुढे लिहिण्यासारखं फारसं नाही. एक अडचण उरली होती. बैलांना परत फिरवून बाजाराकडे तोंड केलं, पण पुढे गाडी नसल्याने पाखऱ्या हलेना. त्याला मारून पाहिलं, ओढून पाहिलं. अखेर सगळ्यांचं एकमत झालं की ज्यांनी आणलं त्यांनीच न्यावं. सरकीची पोती तशीच ठेवून मी व्हॅन फाटकातून बाहेर काढली, आणि सतरा गाड्या माझ्यामागून परत बाजारात आल्या. चौकात हवालदारांनी आम्हाला पाहिलं आणि सगळी रहदारी दोन्ही हात पसरून थांबवली. ते मला सलाम करत होते की माझ्यापासून गाव वाचवत होते, ते नक्की सांगता येणार नाही. लिलाव अजून सुरूच झालेला नव्हता. व्यापारी त्याच कोंडीत अडकले होते.

बाजाराच्या तोंडाशी कारभारी खिडकीपाशी आले. नववीच्या विषयाचा अर्ज माझ्या पिशवीत नोव्हेंबरपासून होता. तो त्यांनी किंचाळणाऱ्या बाईच्या गालावर टेकवला आणि एकेक अक्षर जोडत सही केली. सही व्हायला वेळ लागला. मग अर्ज माझ्या हातात देताना ते जरा जवळ झुकले आणि आवाज खाली आणून, अगदी कळकळीने म्हणाले,

"बाई, शास्त्र पाह्यजे तेवढं शिकवा पोरीले. पन माह्या गयाची शपथ हाये, गाडी नोका शिकवू."

नागपूरचा परवाना, सहा वर्षं, एकही अपघात नाही. पण या माणसाने दोन तासांपूर्वी डोक्यावर अंडं ठेवून माझी अब्रू वाचवली होती. मी म्हटलं, "बरं."

ते लिलावाकडे गेले. मी पुढच्या हातगाडीपासून चौदा फूट अंतर सोडलं, त्यात लगेच गोजरबाई पेरू घेऊन आल्या, आणि आम्ही पुन्हा थांबलो. मागे पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. थोड्या वेळाने डब्याशेजारून कोकिळाचा आवाज आला.

"बाई, ब्रेकचा पहिला दाब फुकट का जातो?"

मी तिच्याकडे वळून पाहिलं. प्रश्न शास्त्राचा होता. मी सांगायला सुरुवात केली.